धाकटीचा ठोकळा

त्या घरात थोरली आधी आली आणि धाकटी मागून. थोरली म्हणजे ट्रक. म्हाताऱ्यानं आपली सगळी खेचरं विकून लष्कराच्या लिलावात तो लांब नाकाचा जुना ट्रक उचलला, तेव्हा त्याच्या मुलाला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढं मुलाचं लग्न झालं. नवरी त्याच ट्रकच्या हौद्यात रिकाम्या पोत्यांवर बसून डोंगर चढून आली, आणि ती खाली पाय ठेवते न ठेवते तोच गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बघा गं, थोरली धाकटीला घेऊन आली!" सगळे हसले. नवरीही हसली, तिला वाटलं दोन दिवसांची थट्टा आहे. पण त्या दिवशी तिचं खरं नाव जे गळून पडलं ते पुन्हा कुणी उचललंच नाही. सासऱ्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांची ती धाकटीच झाली.

सवत तरी बरी, असं तिला पहिली काही वर्षं वाटायचं. नवरा थोरलीच्या पोटाखाली तासन् तास पडून असायचा, तिच्या बारीकशा खोकल्यानंही झोपेतून उठायचा, आणि धाकटीला ताप भरला तर "झोप जरा" म्हणून मोकळा व्हायचा. मग सासू गेली, आणि सासूच्या हातातला ठोकळा धाकटीकडं आला. त्यानंतर मात्र थोरलीचं आणि तिचं सूत जमलं.

ठोकळा म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. बाभळीच्या बुंध्याचा तिरका कापलेला तुकडा, एका अंगाला निमुळता, दुसऱ्या अंगाला वीतभर जाड, भोवती लोखंडी पट्टी आणि मागं ओढायला दोरीचा फास. गावाकडं चढताना शेवटच्या टप्प्यात एक वळण होतं, त्याच्यासाठी हा ठोकळा. त्या वळणाला सगळे सासूच म्हणायचे, कारण दोनदा वाकल्याशिवाय ते कुणाला पुढं सोडत नसे. लांब नाकाच्या गाडीला ते एका दमात घेता यायचंच नाही. पुढं जाऊन कड्याला नाक टेकवायचं, मग मागं येत दरीच्या काठाशी थांबायचं, आणि मग पुन्हा पुढं. भरल्या गाडीला त्या चढावर नुसत्या ब्रेकवर धरणं म्हणजे देवाची परीक्षा घेणं. म्हणून वळणाच्या आधी हौद्यातली सगळी माणसं खाली उतरायची, अगदी आजारी माणूससुद्धा कुणाच्या तरी पाठीवर बसून चढायचा, आणि धाकटी खांद्यावर ठोकळा घेऊन चाकामागं चालायची. गाडी थांबली की ठोकळा चाकाखाली सारायचा आणि हौद्याच्या मागच्या फाळक्यावर हाताचा पंजा दोनदा मारायचा. धप धप. म्हणजे लागला, आता पाय काढ. नवरा आरशात बघतच नसे. त्या बाजूला आरसा नव्हताच. तो फक्त धप धप ऐकायचा.

वळणाच्या आतल्या अंगाला कड्याशी दगडांची रांग होती. रस्ता फोडला तेव्हापासूनची. रस्ता गावानंच फोडला होता, पहारी आणि घण घेऊन, दोन हिवाळे. म्हाताऱ्याच्या डाव्या हाताची करंगळी तिथंच कुठंतरी मुरमात पडली होती. रस्ता झाल्यावर प्रत्येक घरानं एकेक दगड आणून तिथं ठेवला. नियम एकच. कुणाचीही गाडी मागं घसरताना दिसली, तर आधी चाकामागं दगड लावायचा आणि मग विचारायचं गाडी कुणाची. उभ्या गाडीचा दगड काढायचा नाही. गाडी गेली की दगड रस्त्यात ठेवायचा नाही. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. लहान मूल चालायला लागलं की त्याला ते आपोआप कळायचं.

गेल्या वर्षी वरच्या खिंडीत बोगदा खणायला कंपनी आली. सिमेंट आणि लोखंड भरलेले डंपर वर जायला लागले, मुरूम भरून खाली यायला लागले. कंपनीनं रस्ता रुंद करायचा शब्द दिला होता. रुंदीकरण म्हणून वळणाच्या कड्याला पांढरा रंग लागला आणि पुलाशी पत्र्याचं ऑफिस, एक आवार आणि रस्त्यावर आडवी एक साखळी आली. साखळीवर एक सुपरवायझर आला. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी असायची. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची हे डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण कंपनीच्या डंपरांनी वाट अशी कधी दिलीच नाही. थोरली अर्ध्या चढावर असायची, वरून डंपर यायचा आणि खालून शिट्टी वाजायची, मग थोरलीनं मागं जायचं. धाकटी ठोकळा घेऊन या चाकामागून त्या चाकामागं धावायची आणि मनातल्या मनात त्या शिट्टीवाल्याच्या सात पिढ्या काढायची.

कंपनीच्या ड्रायव्हरांचं मात्र तसं नव्हतं. ती बिचारी कुठून कुठून आलेली पोटार्थी माणसं. पहिल्या महिन्याभरातच त्यांना दगडांची रांग कळली, आणि तेही सासूशी आले की गाडीतून उतरून मुकाट्यानं दगड लावायला लागले.

त्या दिवशी हिवाळ्याआधीची शेवटची खेप होती. गावाचे बटाटे खाली गेले होते आणि त्यांच्या बदल्यात वर्षाचं धान्य, मीठ, रॉकेल वर यायचं होतं. एकदा खिंडीवर बर्फ पडलं की रस्ता थेट वसंतापर्यंत बंद. थोरलीच्या हौद्यात सबंध गावाचा हिवाळा ताडपत्रीखाली बांधलेला होता. हवा कोरडी होती, पण माथ्यावरचा ढग सकाळपासून जागचा हलला नव्हता, आणि धाकटीच्या टाचांच्या भेगा ठणकत होत्या. त्या ठणकल्या की चार-पाच दिवसांत बर्फ, हे आजवर कधी चुकलं नव्हतं.

वळणाच्या खाली जरा सपाटीला थोरली थांबली. पुढं एक डंपर चढत होता, त्याला होऊ द्यायचं. धाकटीनं थोरलीच्या चाकामागं एक दगड लावला आणि ठोकळा खांद्यावर टाकून ती चार पावलं वर गेली, डंपरचं कुठवर आलंय बघायला.

डंपरनं नाक टेकवलं. मागं यायला लागला. दरीच्या काठाशी थांबायला हवा होता, तो थांबला नाही. इंजिन किंचाळलं, ब्रेकचा फुसकन आवाज झाला, आणि सिमेंटच्या पोत्यांनी भरलेलं ते धूड सावकाश, अगदी सावकाश, मागं यायला लागलं. त्याच्या मागं दरी होती आणि दरीच्या अलीकडं, वळणाखाली, थोरलीच्या केबिनमध्ये तिचा नवरा बिडी शिलगावत होता.

धाकटीनं काही विचार केला नाही. ती पुढं धावली, गुडघ्यावर पडली आणि ठोकळा चाकाखाली सारला. चाक ठोकळ्यावर चढलं, लाकूड करकरलं, ठोकळा हातभर मागं फरफटला आणि रस्त्यातल्या खडकाच्या कंगोऱ्यात रुतून बसला. डंपर थांबला. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं मात्र दोरीच्या फासात अडकून ठोकळ्याबरोबर फरफटली होती. ती तिनं बाहेर काढली तेव्हा एकाचं नख जागेवर नव्हतं आणि दुसरं भलतीकडंच वळलं होतं. तरी सवयीनं तिनं उजव्या हातानं डंपरच्या पत्र्यावर दोनदा मारलं. धप धप.

डंपरमधून गळ्यात मफलर गुंडाळलेला एक माणूस खाली उतरला, आणि उतरला तो मटकन खालीच बसला. चाळिशीचा असेल. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मागचं दुसरं चाक अर्धं हवेत होतं, ते त्यानं पाहिलं आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"ताई," तो म्हणाला, "ताई, मला तीन मुली आहेत हो."

"मग मुलींसाठी पाणी प्या आधी," धाकटी म्हणाली. तिनं कमरेची बाटली दातांनी उघडून त्याच्या हातात दिली.

"किती दिवस सांगतोय ब्रेक धरत नाही म्हणून. साहेब काय म्हणतात माहीत आहे? ब्रेक धरत नसेल तर तू धर!"

नवरा धावत वर आला. त्यानं आधी डंपरचं चाक बघितलं, मग ठोकळा, मग बायकोचा हात. डोक्याचं फडकं सोडून त्यानं तिची बोटं बांधली. एवढ्या वर्षांत त्यानं तिच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं, निदान थोरलीच्या समोर तरी.

डंपर ओढायला क्रेन वर यायची तर वाट मोकळी हवी. म्हणून नवऱ्यानं शहाण्या माणसासारखं थोरलीला उलटं खाली नेलं आणि पुलाशी कंपनीच्या आवारात उभं केलं. पहारेकरी म्हणाला, "लावा लावा, आत लावा, सुरक्षित राहील." ठोकळा डंपरखालीच राहिला. उभ्या गाडीचा ठोकळा काढायचा नसतो. दोघं पायी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं धुतलेला सदरा घातला.

"कशाला?" धाकटीनं विचारलं.

"अगं, साहेब आभार मानतील. चार माणसांत मळका सदरा बरा दिसतो का?"

म्हातारा खाटेवरून म्हणाला, "सूनबाई, चहा दिला तर नको नको करू नकोस. दोन कप पी. एक माझ्या वाटचा."

रात्रभर ठणकणारा हात गळ्यात अडकवून धाकटी नवऱ्याबरोबर खाली उतरली. खरं सांगायचं तर तिलाही आतून बरं वाटत होतं. तोंडानं कुणी चांगलं म्हटलं तर माणसाला ते आवडतं, त्यात लपवायचं काय?

ऑफिसमध्ये टेबलावर ठोकळा ठेवला होता. त्याच्या तिरक्या अंगावर कुणीतरी जप्तीचा आकडा घातलेला पत्र्याचा बिल्ला खिळ्यानं ठोकला होता. खुर्चीत सुपरवायझर, भिंतीशी मफलरवाला. नवऱ्याला आत घेतलं. धाकटीला पहारेकऱ्यानं दाराशीच अडवलं, "पायाला चिखल आहे, बाहेर थांबा." ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"हा ठोकळा कुणाचा?" सुपरवायझरनं विचारलं.

"माझा!" धाकटी बाहेरून म्हणाली, चांगली मान ताठ करून. "सासूपासून चालत आलेला आहे. मीच लावला. द्या इकडं."

सुपरवायझरनं मान डोलावली. जे हवं होतं ते त्याला न मागता मिळालं होतं.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? कबूल आहे." मग तो नवऱ्याकडं वळला. "तुमच्या लाकडामुळं आमच्या डंपरचा अपघात झाला. भर वळणावर रस्त्यात ओंडका टाकलेला, चाक त्यावर चढलं आणि ॲक्सल गेला. माणूस मेला असता."

धाकटीला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"रस्त्यात टाकलेला?" ती म्हणाली. "अहो साहेब, तुमची गाडी मागं घरंगळत होती! ब्रेक नव्हता तिला! यांना विचारा ना, हे उभे आहेत की!"

"विचारलंय. सांगा हो."

मफलरवाला आपल्या बुटांकडं बघत होता. दोन्ही हातांनी त्यानं मफलरची टोकं धरली होती, जणू कुणी ती ओढून नेणार होतं.

"ठोकळा," तो म्हणाला, "रस्त्यातच होता."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंबरा ओलांडून ती चिखलाच्या पायांनी सरळ आत आली, आणि पहारेकऱ्याला तिला अडवायचं भान राहिलं नाही. गळ्यातला हात तिनं मफलरवाल्याच्या नाकासमोर धरला. फडक्यातून रक्त पाझरून वाळलं होतं.

"आणि हे? हे पण रस्त्यातच पडलं होतं का?"

त्यानं डोळे वर केले नाहीत.

"बाईमाणसाला रस्त्यावर लाकडं घेऊन सोडता कशाला?" सुपरवायझर नवऱ्याला म्हणाला, जणू ती तिथं नव्हतीच. "दगड असो की लाकूड, रस्त्यातला अडथळा तो अडथळाच. आणि असली जुनाट गाडी या रस्त्यावर आता चालायची नाही. बोगदा पुरा होईपर्यंत नाही. आवारातून ती हलायची नाही."

"साहेब, रस्ता आमचा आहे," नवरा हळूच म्हणाला.

"होता."

"आणि आतलं धान्य?"

"चौकशी झाली की गाडी सुटेल, गाडी सुटली की धान्य सुटेल. वरून मोठे साहेब येतील, मग चौकशी."

"वरून बर्फ येईल, साहेब," धाकटी म्हणाली.

यावर सुपरवायझर हसला. चांगला विनोद ऐकल्यासारखा हसला. आणि त्या हसण्यानं नवरा पार खचला. त्यानं हात जोडले. धुतलेल्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत घसरल्या. "चूक झाली असेल साहेब आमची. बायकांना कळत नाही. तेवढं धान्य सोडा, गाव उपाशी राहील."

"चूक झाली ना? मग झालं तर," सुपरवायझर म्हणाला आणि फोन उचलून दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागला.

पुलापासून चढावर धाकटी झपाझप पुढं निघाली. नवरा मागून चालत होता. पहिल्या वळणाशी तो म्हणाला, "धान्य सुटावं म्हणून बोललो गं."

ती थांबली.

"माझ्याकडं बघा. ठोकळ्याची चूक झाली?"

"अगं, तसं नाही."

"तुम्ही खाली बिडी ओढत बसला होतात आणि ते धूड तुमच्या डोक्यावर येत होतं. मी मधे हात घातला. ती चूक झाली? मला कळत नाही?"

"म्हणालो ना, धान्यासाठी."

"सुटलं का धान्य?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, पण ते रडणं नव्हतं. संताप होता. त्या शिट्टीवाल्याचा राग होताच, पण त्याच्यापेक्षा त्या मफलरच्या टोकांचा राग जास्त होता, आणि त्याहूनही जास्त आपल्याच माणसाच्या जोडलेल्या हातांचा. परक्यानं मारलं तर माणूस ओरडू तरी शकतो.

सासूच्या वळणाशी ते आले. वळण रिकामं होतं. ठोकळा जिथं फरफटला होता तिथं खडकावर लाकडाची साल चिकटून राहिली होती. आतल्या अंगाला दगडांची रांग नेहमीसारखी शहाण्यासारखी बसली होती. चाकांच्या रबरानं काही दगड काळे पडले होते. चपटा तांबडा दगड होता तो सासूचा. रस्ता झाला तेव्हा तिनं तो ओढ्यातून डोक्यावर आणला होता, असं म्हातारा सांगायचा.

धाकटी त्या रांगेसमोर थांबली.

"रस्त्यात दगड-लाकूड नको, असं म्हणाला ना तो?"

"अं?"

"अडथळा म्हणाला. मग रस्ता त्याचा आहे तर त्याचं ऐकायला हवं." ती वाकली, उजव्या हातानं तिनं तांबडा दगड उचलून कमरेशी धरला आणि चालायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"आमचा दगड घरी नेते."

नवरा तिथंच उभा राहिला. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. वळणावर एकही दगड नसेल तर कुठला डंपर चढणार? आणि चढलाच तर?

"कुणी घरंगळला तर?" त्यानं मागून ओरडून विचारलं. "ती पण कुणाची तरी माणसं आहेत!"

"मला ठाऊक आहे!" ती ओरडली. "मी उद्या खाली बसते ना! एकेकाला सांगते, वर दगड नाहीत म्हणून! मला काय त्या शिट्टीवाल्यासारखं काळीज दिलंय देवानं?"

धुतलेल्या सदऱ्याची पर्वा न करता नवऱ्यानं रांगेतला सगळ्यात मोठा दगड छातीशी घेतला आणि तिच्या मागं निघाला. थोड्या वेळानं ती चालता चालता जरा थांबली, त्याला गाठू दिलं.

गावात बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. आधी ठोकळ्याची बातमी पोहोचली, तेव्हा बायका कमरेवर हात ठेवून सुपरवायझरचा उद्धार करत उभ्या राहिल्या. मग धान्याची पोहोचली, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि दगडाची पोहोचली तेव्हा म्हातारा खाटेवरून उठला, कोपऱ्यातली पहार घेतली आणि म्हणाला, "माझी करंगळी पण तिथंच आहे. सापडली तर ती पण घेऊन येतो."

सबंध दुपार माणसं वळणावर ये-जा करत होती. कुणी पाठीवर, कुणी डोक्यावर, दोघा-दोघांनी काठीला दोरी बांधून. पूर्वी, थोरलीच्या आणि खेचरांच्याही आधी, सगळं असंच वर यायचं, मीठसुद्धा आणि छपराचा पत्रासुद्धा. म्हाताऱ्यांना ती चाल अजून आठवत होती, गुडघे किंचित वाकवून, नजर पुढच्या पावलावर ठेवून. डंपर गेले-आले त्यांना माणसांनी मुकाट्यानं वाट दिली, आणि जो वळणावर होता त्याच्या चाकाचा दगड तो निघून जाईपर्यंत कुणी काढला नाही. उन्हं कलली तोवर कड्याशी एक खडासुद्धा उरला नव्हता. पाण्याच्या झऱ्याशी नेऊन सगळे दगड रचले, तर तिथं कमरेएवढी भिंत झाली. बायका बऱ्याच वर्षांपासून ती मागतच होत्या.

सकाळी धाकटी चढाच्या पायथ्याशी, पुलाच्या जरा वर, एका कोरड्या ओंडक्यावर जाऊन बसली. नवरा शेजारी बसला. पहिला डंपर आला. तिनं उजवा हात वर केला.

"दादा, वर दगड नाहीत हो आता. सांगायचं काम केलं."

ड्रायव्हर खाली उतरला, चालत वळणापर्यंत जाऊन आला आणि त्यानं इंजिन बंद केलं. मग दुसरा आला, मग तिसरा. प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं, तितक्याच सौजन्यानं. एकेक करून इंजिनं बंद पडत गेली आणि डोंगर इतका शांत झाला की ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. माथ्यावरचा ढग खांद्यापर्यंत उतरला होता.

शिट्टी वाजवत सुपरवायझरची जीप वर आली.

"काय तमाशा आहे? चढवा गाड्या! वर कामं अडलीत!"

कुणी हललं नाही.

"दगड कुठं गेले?"

"रस्त्यातला अडथळा काढला, साहेब," धाकटी म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणून. बायकांना कळत नाही, पण सांगितलेलं ऐकतात."

कुठल्यातरी डंपरच्या आडून कुणीतरी खुदकन हसलं. सुपरवायझरचा चेहरा लाल झाला. त्यानं पहिल्या ड्रायव्हरला कामावरून काढायची धमकी दिली, मग दुसऱ्याला दिली. दुसरा म्हणाला, "काढा साहेब. खाली घरी जाईन तर जिवंत तरी जाईन." सुपरवायझर रांगेतून चालत शेवटच्या डंपरपाशी गेला. त्यात मफलरवाला होता.

"तू चढव. अपघातानंतरही तुला दुसऱ्या डंपरवर बसवलंय मी, विसरू नकोस."

मफलरवाला खाली उतरला. गळ्यातला मफलर काढून त्यानं सीटवर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मागं ठोकळा असेल तर चढवतो."

"कुठला ठोकळा?"

"तोच. तुमच्या टेबलावरचा. ज्यानं मला धरलं."

"रस्त्यात होता म्हणालास ना तू?"

"चाकामागं होता, साहेब. ताईंनी लावला. ब्रेक नव्हता गाडीला, तुम्हाला सांगितलं होतं." "खोटं बोललो मी. मुलींचं तोंड आठवलं म्हणून बोललो. आणि काल रात्रभर त्यांचंच तोंड आठवत होतं."

तो धाकटीकडं बघत होता. तिनं मान हलवली नाही. माफ केलं असं तिला वाटत नव्हतं, आणि उगाच दाखवायची तिला सवय नव्हती.

बाकीचे ड्रायव्हर गाड्यांतून उतरून जीपभोवती उभे राहिले होते. सुपरवायझरनं शिट्टी तोंडाशी नेली, पण ती कुणासाठी वाजवायची हे त्यालाच कळलं नसावं. त्यानं जीप खाली पाठवली. जीप परत आली तेव्हा पहारेकऱ्यानं जीपच्या मागूनच ठोकळा धाकटीच्या पायाशी फेकला.

"घ्या. लावा त्याच्या चाकाला," सुपरवायझर म्हणाला.

"आधी थोरली," धाकटी म्हणाली.

"काय?"

"परवा आम्ही चढत होतो. तुमच्या गाडीसाठी थांबलो. आमचा नंबर राहिलाय. आधी आमची गाडी जाईल, धान्यासकट. मग ज्याला जायचं त्यानं जावं."

सुपरवायझरनं ढगाकडं पाहिलं, उभ्या डंपरांकडं पाहिलं. "सोडा ती गाडी," तो पहारेकऱ्यावर खेकसला. माफी मात्र त्यानं मागितली नाही, शेवटपर्यंत नाही, आणि साखळीही पुलावर तशीच लोंबकळत राहिली. "आणि ते दगड परत जागेवर ठेवायचे, आजच्या आज."

"कुठले दगड साहेब?" म्हातारा म्हणाला. तो पहार टेकत कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. "आमचे होते तेव्हा अडथळा होते. रस्ता तुमचा, आता दगड पण तुमचेच आणा. ओढ्यात खूप आहेत. डोक्यावरून आणायचे असतात."

नवऱ्यानं खाली जाऊन हँडल मारलं. थंडीनं थोरली आधी रुसली, मग खोकत खोकत उठली. ती साखळी ओलांडून वर आली तेव्हा ड्रायव्हरांनी आपले डंपर कडेला घेतले. चढणाऱ्या गाडीला वाट दिली.

धाकटी ठोकळा उचलायला वाकली, पण एका हातानं तो खांद्यावर जाईना. मफलरवाला पुढं आला.

"मी घेतो ताई."

तिनं जरा थांबून त्याला तो घेऊ दिला. तेवढ्यात नवरा केबिनमधून पक्कड घेऊन उतरला. त्याला बिल्ला दिसला होता. "थांब, हा खिळा काढतो आधी."

"राहू द्या," धाकटी म्हणाली.

"अगं, आपल्या ठोकळ्यावर कंपनीचा आकडा?"

"राहू द्या म्हणते ना. तुम्ही गाडी चालवा."

वळण आलं. थोरलीनं कड्याला नाक टेकवलं आणि मागं यायला लागली. मफलरवाला चाकामागं गुडघ्यावर बसला होता, धाकटी त्याच्या पाठीशी उभी राहून बघत होती. "अजून नाही. अजून नाही. हं, आता." त्यानं ठोकळा सारला. सबंध गावाचा हिवाळा पाठीवर घेतलेलं ते मागचं चाक सावकाश तिरक्या अंगावर चढलं, पत्र्याच्या बिल्ल्यावर आलं, आणि बिल्ला कर्रकन लाकडात चेपला. आकडा कुठला होता तेही कळेना.

मफलरवाल्यानं घाईघाईनं फाळक्यावर एकदा हात मारला.

"एकदा म्हणजे थांब," धाकटी म्हणाली. "सरका." आणि उजवा हात उचलून तिनं फाळक्यावर दोनदा मारला.